कुटुंबसेवेचा पेशा आणि तीन विषयांची सांगड

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयीन प्रवेशांची धांदल सुरू झाली, की बंगळुरातील मराठी घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो, आणि तो बहुधा मुलांचा नसून आईवडिलांचा असतो : मुलगी संज्ञापन, मानसशास्त्र आणि स्पॅनिश असे तीन विषय एकत्र शिकू म्हणते, कुटुंबांसाठी काम करण्याची तिची मनापासून इच्छा आहे, तर या त्रिकुटातून तिच्या उपजीविकेची तजवीज होणार तरी कशी? प्रश्न रास्त आहे. वैद्यक किंवा अभियांत्रिकी यांच्या वाटेवरील मुक्काम आधीच ठरलेले असतात आणि या वाटेवरील मुक्काम ज्याचे त्याने मुक्रर करावयाचे असतात. म्हणून ज्यांना या वाटेने जाण्याची ओढ आहे त्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहू इच्छिणाऱ्या पालकांसाठी, ही चार पाने.

माझे म्हणणे प्रारंभीच सांगतो. तिन्ही विषयांना सारखाच वेळ आणि सारखेच महत्त्व देणारा विद्यार्थी तीन वर्षांच्या अखेरीस तिन्हींच्या उंबरठ्यावर उभा असतो आणि आत कोठेच गेलेला नसतो. यांपैकी एक विषय आपली सनद मानावा, म्हणजे ज्याच्या बळावर कायदा आणि समाज आपल्याला परक्या कुटुंबाच्या खाजगी दुःखात हात घालण्याचा अधिकार देतात असा. आणि उरलेल्या दोहोंना त्या अधिकाराची साधने समजून त्यांची जोपासना करावी. कुटुंबसेवेच्या क्षेत्रात ही सनद मानसशास्त्राची, किंवा त्याचे सख्खे शेजारी जे समाजकार्य त्याची, असते. संज्ञापन शिकल्याने ती सनद वापरण्याचे कौशल्य येते, आणि स्पॅनिश शिकल्याने तिची पोच वाढते. पण मूळ सनदच हाती नसेल, तर कौशल्य आणि पोच ही दोन्ही दुसऱ्याच्या कामी येतात, आपल्या इच्छित कामी येत नाहीत.

हे तीन विषय एकत्र येणे म्हणजे प्रवेशपत्रिकेच्या रकान्यांतून निपजलेला योगायोग आहे, असे मात्र कोणी समजू नये. बंगळूरपासून फार दूर जावयास नको. म्हैसूर विद्यापीठात 1924 मध्ये मानसशास्त्राचा विभाग स्थापन झाला, तेव्हा देशात या विषयाचे विभाग हाताच्या बोटांवर मोजता येण्याजोगे होते. त्या विभागाचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनीच 1935 मध्ये म्हैसुरात आपल्या राहत्या घरी खाजगी नभोवाणी केंद्र उभारले, आणि पुढे साऱ्या देशाच्या मुखी रुळलेले 'आकाशवाणी' हे नाव त्या केंद्राने धारण केले होते. मनाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानाला लोकांच्या कानापर्यंत पोहोचण्याची निकड भासावी, यात मला अत्यंत स्वाभाविक असा क्रम दिसतो.

कुटुंबोपचार ही जी मानसोपचाराची शाखा आज मान्यता पावली आहे, तिचा उगम तर संज्ञापनाच्या अभ्यासातच आहे. ग्रेगरी बेटसन हे मूळचे मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये जो सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला, त्यातील सिद्धान्ताचे सार असे, की ज्या नात्यातून सुटका नाही अशा नात्यात माणसाला एकाच वेळी परस्परविरुद्ध असे दोन संदेश मिळत राहिले, आणि त्या विरोधाबद्दल बोलण्याचीही सोय नसली, तर त्याची विलक्षण कोंडी होते. आई तोंडाने म्हणते, 'जा ना मित्राकडे, मी कुठे अडवते आहे?' आणि तिचा चेहरा, तिचा आवाज, तिने आपटून ठेवलेले भांडे ही सारी 'जाऊ नकोस' म्हणत असतात; मुलगा गेला तरी अपराधी, न गेला तरी अपराधी, आणि विचारू गेला तर उद्धट. त्या निबंधात ही कोंडी स्किझोफ्रेनियाचे मूळ म्हणून मांडली होती आणि ते मत पुढे टिकले नाही, हे खरे. तथापि घरातील वागणे हेच बोलणे आहे, आणि आजार म्हणून जो दिसतो तो पुष्कळदा त्या बोलण्याचाच एक भाग असतो, ही दृष्टी तेथून रूढ झाली, आणि 1967 मध्ये पॉल वात्स्लाविक व त्यांच्या सहलेखकांनी मानवी संज्ञापनावर लिहिलेल्या ग्रंथाने तिला शास्त्राची शिस्त दिली.

याच सुमारास फिलाडेल्फियाच्या एका बालमार्गदर्शन केंद्रात हे तिन्ही प्रवाह प्रत्यक्ष एकत्र आले, आणि तो इतिहास या विषयत्रयीच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असावयास हवा. केंद्राचे संचालक साल्वादोर मिनुचिन हे 1921 मध्ये अर्जेंटिनातील एका लहान गावी ज्यू कुटुंबात जन्मलेले, स्पॅनिश बोलत वाढलेले वैद्य. न्यूयॉर्कजवळच्या एका सुधारगृहवजा शाळेत त्यांनी हार्लेममधील कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेल्या स्पॅनिशभाषी गरीब घरांतील मुलांवर काम केले, आणि एकट्या मुलाला खुर्चीवर बसवून त्याच्या बालपणाबद्दल बोलत राहिल्याने या घरांचे काहीच भले होत नाही, हे जाणून साऱ्या कुटुंबालाच समोर बसविण्याची रीत घडविली. फिलाडेल्फियात त्यांना ज्यांची साथ मिळाली त्यांपैकी जे हेली यांची उच्च पदवी संज्ञापनाची होती आणि ते बेटसन यांच्या प्रकल्पातून आलेले होते. दुसरे सहकारी ब्राउलिओ मोंताल्व्हो हे पोर्तो रिकोचे होते. या मंडळींनी पुढे केंद्राभोवतीच्या वस्तीतीलच, पदवी नसलेल्या माणसांना कुटुंबोपचाराचे शिक्षण दिले, कारण वस्तीची भाषा आणि वस्तीची लाज ज्याला कळते तो माणूस त्यांना हवा होता.

मिनुचिन यांच्या पद्धतीत काय घडते, ते एका प्रसंगाने समजावून घ्यावे. चौदा वर्षांचा मुलगा शाळेत जाईनासा झाला म्हणून आईवडील त्याला समुपदेशिकेकडे घेऊन आले आहेत. मुलगा मध्ये, आई त्याला खेटून, आणि वडील दाराजवळच्या खुर्चीवर, हातात मोटारीची किल्ली फिरवीत. समुपदेशिका मुलाला विचारते, 'शाळेत काय अवघड जातं रे?' उत्तर आई देते. ती पुन्हा मुलालाच विचारते. मुलगा आईकडे पाहतो, आई बोलू लागते, वडील घड्याळ पाहतात. एवढ्या अवधीत त्या घराचा नकाशा तिच्यापुढे उलगडलेला असतो. ती कोणालाही बोल लावीत नाही, एवढेच म्हणते, 'ताई, तुम्ही जरा इकडे, यांच्या शेजारी येऊन बसता का? आणि आता तुम्ही दोघं ठरवा, उद्या सकाळी त्याला उठवणार कोण. आम्ही दोघं ऐकतो.' खुर्ची बदलली, आणि जे पती-पत्नी कित्येक महिने मुलामार्फतच एकमेकांशी बोलत होते, त्यांना समोरासमोर बोलणे भाग पडले. हे करण्यासाठी मानसशास्त्र लागते आणि कान व डोळे तयार असावे लागतात. पाठ केलेल्या व्याख्यांनी हे साधत नाही.

आता सनदेविषयी. कर्नाटकात तीन प्रमुख विषयांची पदवी ही जुनी वहिवाट आहे. पत्रकारिता, मानसशास्त्र आणि इंग्रजी हे त्रिकूट बंगळुरातील कित्येक महाविद्यालयांतून वर्षानुवर्षे शिकविले गेले. 2021 मध्ये येथे राष्ट्रीय धोरणानुसार चार वर्षांची पदवी आली, आणि प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर 2024-25 पासून राज्याच्या विद्यापीठांत तीन वर्षांची पदवी पुन्हा सुरू झाली. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांची रचना निराळी आहे, म्हणून पत्रक नीट वाचूनच अर्ज भरावा. परंतु पदवी तीन वर्षांची असो वा चार वर्षांची, केवळ तिच्या आधारावर कोणालाही मानसोपचाराचा अधिकार मिळत नाही, ही गोष्ट घरातल्या सर्वांनी पहिल्याच दिवशी समजून घ्यावी.

पुढील वाटा स्थूलमानाने तीन आहेत. पहिली क्लिनिकल सायकॉलॉजीची : 1992 च्या कायद्याने स्थापिलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदल्याखेरीज या नावाने व्यवसाय करता येत नाही, आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेलाच अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. आजवर एम. ए. नंतरची दोन वर्षांची एम. फिल. ही त्याची राजरस्त्याची पदवी होती, एम. फिल. पदवीच आता मोडीत निघत असल्याने परिषदेने नवे अभ्यासक्रम आखले आहेत, तेव्हा प्रवेशाच्या वेळी परिषदेची चालू यादी पाहणे अगत्याचे आहे. दुसरी वाट समुपदेशन मानसशास्त्राची. बंगळुरात या विषयाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी देणाऱ्या संस्था आहेत, आणि शाळा, रुग्णालये, कंपन्या व सेवाभावी संस्था यांतून या पदवीधरांना काम मिळते. तिसरी वाट मनोसामाजिक कार्याची : एम. एस. डब्ल्यू. करून मग मानसोपचार समाजकार्यातील प्रगत शिक्षण घ्यावयाचे. कुटुंब हाच ज्याचा ध्यास आहे त्याने ही तिसरी वाट दुर्लक्षू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. आपल्याकडे तिला उगाच दुय्यम लेखले जाते, आणि वस्तुतः कुटुंबाच्या घरापर्यंत, त्याच्या कर्जापर्यंत, त्याच्या शिधापत्रिकेपर्यंत जाऊन पोहोचणारी तीच आहे. एक इशारा येथेच देतो. घरबसल्या मानसशास्त्राची पदवी देऊ करणाऱ्या जाहिरातींना आता भुलू नये. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या कक्षेत मानसशास्त्र येत असल्याने, विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून हा विषय दूरशिक्षणाने शिकविण्यास मनाई केलेली आहे.

बंगळुरात राहणाऱ्याला या बाबतीत जे भाग्य लाभले आहे, ते त्याने ओळखावे. 1954 मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था म्हणून सुरू झालेली आणि 1974 मध्ये जुन्या मनोरुग्णालयाशी एकरूप होऊन निम्हान्स या नावाने प्रसिद्धीस आलेली संस्था याच शहरात आहे, आणि तेथे कुटुंबोपचाराची परंपरा अनेक दशकांची आहे. भारतात या विचाराला स्वतःची अशी पूर्वपीठिकाही आहे : अमृतसरच्या मनोरुग्णालयात 1950 च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून रुग्णांसोबत राहू दिले, आणि कुटुंब जवळ असल्याने रुग्ण लवकर सुधारून घरी जातात, हे दाखवून दिले. पाश्चात्त्य ग्रंथांतून आलेला कुटुंबोपचार शिकताना विद्यार्थ्याने हा तंबूंचा धडाही वाचावा, कारण आपल्याकडे रुग्णाबरोबर दवाखान्यात आई, मामा आणि शेजारचे काका येतात, आणि त्यांना बाहेर बसवून उपचार होत नाहीत.

न्यायालय हे दुसरे कार्यक्षेत्र. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायाधीशावर समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य सोपविले, समुपदेशकांच्या नेमणुकीची तरतूद केली, आणि वैद्यकीय व कुटुंबकल्याणाच्या जाणकारांचे साहाय्य घेण्याची मुभाही दिली. बंगळुरात सिद्धय्या रस्त्यावरील न्यायदेगुल या इमारतीत कुटुंब न्यायालयाचे काम चालते, आणि उच्च न्यायालयाने 2007 मध्ये सुरू केलेले मध्यस्थी केंद्रही तेथेच आहे. येथे येणारी जोडपी समुपदेशनाच्या इच्छेने आलेली नसतात. हातात फिर्यादीची नक्कल, मनात वकिलाने पढविलेली वाक्ये, आणि मध्ये आजीचे बोट धरून उभे असलेले मूल, अशा अवस्थेत त्यांच्याशी बोलावयाचे असते. महाराष्ट्राच्या वाचकांना 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष ठाऊक असेल. पोलीस ठाण्याच्या छताखाली, परंतु पोलीसखात्याची वर्दी न चढविता काम करणारा समाजकार्यकर्ता कसा असावा, याचा तो चांगला वस्तुपाठ आहे.

संज्ञापनाकडे वळू. या विषयाचे नाव काढले की पुष्कळांना कॅमेरा, ध्वनिक्षेपक आणि जाहिरात यांचीच आठवण होते. कुटुंबसेवकाने त्यातून तीन गोष्टी उचलाव्यात : मुलाखत घेणे, जबानी जशीच्या तशी टिपणे, आणि गुंतागुंतीची गोष्ट सामान्य वाचकाला कळेल अशी लिहिणे. यांपैकी दुसरी सर्वांत अवघड. न्यायालयाला किंवा दत्तकविधान अधिकाऱ्याला सादर करावयाच्या अहवालात 'वडील मुलाबाबत उदासीन आहेत' असे लिहिणारा नवशिक्या आपला निवाडा लिहीत असतो. 'तासाभराच्या भेटीत वडिलांनी मुलाला एकदाही नावाने हाक मारली नाही, तथापि त्याचे दूध गरम आहे की नाही ते दोनदा उठून पाहिले' असे लिहिणारा, वाचणाऱ्याला स्वतःचा निवाडा करू देतो, आणि त्या बापावर अन्यायही होऊ देत नाही. वृत्तपत्रविद्येच्या वर्गात बातमी आणि मत यांतील जो भेद शिकवितात तोच हा भेद, आणि त्यावर येथे एखाद्या मुलाचा ताबा अवलंबून असतो. सरावासाठी विद्यार्थ्याने आपल्याच घरी रात्रीच्या जेवणाचे संभाषण मनात साठवून नंतर लिहून काढावे : कोण कोणाशी बोलले, कोणाच्या वतीने कोण बोलले, कोणता विषय निघताच कोण पाणी आणावयास उठले. लिहिलेले कोणालाही दाखवू नये, आणि त्यावरून घरच्यांना उपदेश तर मुळीच करू नये.

लेखणी आणि मनोवैद्यक यांच्या मिलाफाचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचे मुक्तांगण होय. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आर्थिक साहाय्य पुढे केले, आणि मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचटांनी 1986 मध्ये हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसनी माणसाबरोबर त्याची पत्नी, त्याचे आईबाप यांनाही उपचारात सामील करून घेण्याचा या केंद्राचा कटाक्ष राहिला, आणि पत्नींसाठी तेथे 'सहचरी' नावाचा गट चालतो. ज्याला संज्ञापन शिकून कुटुंबांचे काम करावयाचे आहे त्याने एखाद्या सुट्टीत अशा केंद्राचे कामकाज जवळून पाहण्याची परवानगी मागावी. दूरध्वनीवरील समुपदेशन हेही आता मोठे क्षेत्र झाले आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेली-मानस सेवेत निम्हान्सकडे मध्यवर्ती जबाबदारी आहे, 14416 या क्रमांकावर मराठी आणि कन्नडसह अनेक भारतीय भाषांतून साहाय्य मिळते, आणि समोरच्याचा चेहरा दिसत नसता केवळ आवाजावरून त्याची अवस्था जाणण्याची तेथे कसोटी लागते.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर स्पॅनिशच्या आधी कन्नडविषयी बोलले पाहिजे. शहाजीराजांना 1638 नंतर बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून या शहरात मराठी बोलणारी घराणी नांदत आली, आणि ती येथे कन्नड बोलूनच रुजली. आज नोकरीनिमित्त पुण्याहून किंवा नागपुराहून आलेल्या कुटुंबातील मुले मात्र इंग्रजी आणि हिंदी यांवर निभावून नेतात, आणि कन्नड भाजीवाल्यापुरतीच येते. अशा विद्यार्थ्याने स्पॅनिशचे धडे गिरवावेत आणि न्यायदेगुलाच्या आवारात रडणाऱ्या बाईशी चार वाक्ये बोलता येऊ नयेत, हे मला अनुचित वाटते. बंगळुरात कुटुंबांचे काम करणाऱ्याला कन्नड अनिवार्य आहे. स्पॅनिश ही त्यानंतरची गोष्ट.

असे असूनही मी स्पॅनिश शिकण्याला उत्तेजनच देतो, आणि त्याचे कारण पोटापाण्यापुरते नाही. वीस देशांची ती राजभाषा आहे आणि सुमारे 50 कोटी लोकांची मातृभाषा. इन्फोसिससारख्या बंगळूरच्या कंपनीने 2007 पासून मेक्सिकोतील मोंतेर्रे येथे केंद्र चालविले आहे, म्हणजे येथील घरे तिकडे आणि तिकडील घरे इकडे येण्याचा परिपाठ जुना झाला. आणि ऑक्टोबर 2024 मध्ये स्पेनचे पंतप्रधान भारतात आले असता बंगळुरात स्पेनची वाणिज्य वकिलात उघडण्याचा निर्णय जाहीर झाला. परंतु कुटुंबसेवकाच्या दृष्टीने याहून जिव्हाळ्याचा धागा दत्तकविधानाचा आहे. नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या अनाथालयात वाढत असलेल्या एका मुलीला 1974 मध्ये बार्सेलोनातील दांपत्याने दत्तक घेतले. ती आशा मिरो पुढे 1995 मध्ये आपली मुळे शोधीत भारतात आली, तिने आपली कहाणी पुस्तकरूपाने लिहिली, आणि नंतरच्या शोधात तिला महाराष्ट्रात नांदणारी आपली बहीणही भेटली. या भगिनी भेटल्या तेव्हा एकीची मराठी बालपणाबरोबरच लोपली होती, आणि दुसरीला स्पॅनिश वा कातालान येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांच्यात रक्ताचे नाते आहे पण सामाईक शब्द एकही नाही, त्यांच्या मध्ये बसणारा माणूस मराठी जाणणारा, स्पॅनिश जाणणारा, आणि अशा भेटीत मनाचे काय होते ते जाणणाराही असावयास हवा. आणि तिन्ही जाणणारी माणसे फारच थोडी आहेत.

दत्तक मुलांचा असा शोध आज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या नियमांखाली चालतो. अर्ज दत्तक गेलेल्या व्यक्तीनेच करावयाचा असतो, मुखत्यारपत्र देऊन तिऱ्हाइताकरवी तो करता येत नाही, आणि जन्मदात्या मातेच्या गोपनीयतेचा मान राखावा लागतो. म्हणून भाषेच्या बळावर कोणी स्वतंत्रपणे गावोगाव चौकशी करीत फिरू नये. परदेशी गेलेल्या मुलाच्या प्रगतीचे अहवालही पहिल्या वर्षी दर तिमाहीस आणि दुसऱ्या वर्षी सहामाहीस येत राहतात. या साऱ्या दस्तऐवजी कामात मान्यताप्राप्त संस्थेच्या आश्रयानेच उमेदवारी करता येते.

दुभाष्याचे काम पाहताना सोपे दिसते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने. स्पेनहून आलेली तरुणी आणि तिची खेड्यातली मावशी समोरासमोर बसल्या आहेत असे धरा. दुभाष्याने दोघींच्या मध्ये न बसता किंचित मागे आणि बाजूला बसावे, म्हणजे त्यांची दृष्टी एकमेकींवर राहते. मावशी म्हणते, 'तुझी आई तापानं गेली, पोरी. आम्ही तरी काय करणार होतो?' तर 'त्या म्हणतात की' अशी सुरुवात न करता, मावशीच्याच तोंडचे म्हणून, प्रथमपुरुषीच ते वाक्य पलीकडे पोहोचवावे. 'काय करणार होतो' यातील असहायता सौम्य करू नये, आणि त्यात क्षमायाचना दडलेली आहे असे वाटले तरी ती आपल्या पदरची घालू नये. तरुणी गप्प राहिली तर ती शांतता भरून काढण्याचा मोह आवरावा. भेटीआधी दोघींनाही स्वतंत्रपणे सांगून ठेवावे, की येथे जे बोलले जाईल ते सारे मी पलीकडे सांगेन. म्हणजे 'हे तिला सांगू नका' असे अर्ध्यात म्हणण्याची पाळी येत नाही. आणि घरातील मुलालाच दुभाषा करण्याची जी चाल परदेशस्थ कुटुंबांत सर्रास आढळते, ती शक्य तेथे थांबवावी : आईच्या आजाराचे किंवा बापाच्या दारूचे वर्णन दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून डॉक्टरांना ऐकविणे हा त्या मुलावर अत्याचार आहे.

इतक्या जोखमीचे काम अर्ध्या भाषेवर होत नाही. बंगळुरातील सेंट्रल कॉलेजच्या आवारात विद्यापीठाचे परकीय भाषांचे प्रमाणपत्र आणि पदविका वर्ग चालत आले आहेत, खाजगी वर्गही शहरात पुष्कळ आहेत. परंतु प्रमाणपत्राच्या पातळीवर थांबणाऱ्याला प्रवासापुरती भाषा येते, एवढेच. स्पेन सरकारच्या वतीने इन्स्तितूतो सेर्व्हांतेस ही संस्था स्पॅनिशची जी डेले परीक्षा घेते, तिच्या सहा पायऱ्यांपैकी बी-2 ही पदवीच्या अखेरीस आणि सी-1 ही पदव्युत्तर शिक्षणाच्या अखेरीस गाठण्याचा संकल्प असावा. तो झेपत नसेल तर तोच वेळ कन्नडला द्यावा, त्यात कमीपणा काहीच नाही. एक प्रलोभनही सांगून ठेवतो : भाषा चांगली येऊ लागली, की बंगळुरातील कंपन्या ग्राहकसेवेसाठी नवख्या समुपदेशकाहून अधिक वेतन देऊ करतात. घरची निकड असेल तर ते खुशाल पत्करावे, परंतु मुदत ठरवून, आणि पदव्युत्तर प्रवेशाचा खर्च साठवीत. स्पेनमध्ये जाऊन मानसशास्त्राचा व्यवसाय करण्याचे स्वप्न असणाऱ्यांनी हेही जाणावे, की भारतीय पदवी तेथे आपोआप मान्य होत नाही; तेथील आरोग्यक्षेत्रात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यास त्या देशाची विहित पदव्युत्तर अर्हता लागते, आणि परकीय पदवीच्या मान्यतेची प्रक्रिया दीर्घ असते.

पालकांना दोन शब्द सांगावयाचे आहेत. या पेशात सुरुवातीचे वेतन बेताचे असते आणि स्थिरता पदवीनंतर चार-पाच वर्षांनी येते, हे गृहीत धरून घरचा हिशेब मांडावा. मुलगी मानसशास्त्र शिकते म्हणून नात्यागोत्यातील भांडणे तिच्यापुढे सोडवावयास आणू नयेत. आप्तांचा उपचार आप्ताने करू नये, हा या व्यवसायाचा सर्वमान्य नियम आहे आणि तो तुम्हीच मोडावयास लावलात तर ती तो कोठे पाळणार? दिवसभर परक्या घरांची दुःखे ऐकून ती गप्प गप्प घरी आली, तर 'आज काय काय झालं?' असे खोदून विचारू नये. ते ती तुम्हांला सांगू शकत नाही, आणि त्यासाठी अनुभवी मार्गदर्शकापुढे नियमाने बसून आपल्या कामाची उजळणी करण्याची सोय व्यवसायानेच केलेली आहे.

ही सोय खरोखर आहे की नाही, ते प्रवेशाच्या वेळीच पाहावे. महाविद्यालयात गेल्यावर इमारत आणि ग्रंथालय सर्वच दाखवितात. विद्यार्थ्याने विभागप्रमुखांना विचारावयाचे ते असे, की तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी कोणत्या संस्थेत पाठविले जाते, तेथे विद्यार्थ्याच्या नोंदी कोण तपासते, कुटुंबांसोबतच्या भेटीत विद्यार्थ्याला नुसते बसू देतात की बोलूही देतात, आणि मानसशास्त्राच्या तासिका व बाहेरचा भाषेचा वर्ग यांच्या वेळा एकमेकींवर आदळत नाहीत ना. या प्रश्नांची उत्तरे मोघम मिळाली तर दुसरे महाविद्यालय पाहावे. विचारताना आईवडिलांनी सोबत जरूर असावे, मात्र प्रश्न मुलीला किंवा मुलालाच विचारू द्यावेत.